वहिनीचा रिपोर्ट

जालन्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी वीस-बावीस वर्षं काम करते. रक्त काढायचं, लघवीच्या बाटल्यांवर नंबर टाकायचे, काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवायची, दिसेल ते लिहायचं. इतक्या वर्षांत कामाचं नवल उरलेलं नाही. उन्हाळ्यात बाटलीकडे नुसतं पाहिलं तरी कळतं की ही बाई गावातली आहे की शेतातली. घरात बसणाऱ्या बाईची बाटली निम्मी-अर्धी भरलेली असते आणि रंग फिका असतो. शेतात जाणारीची बाटली तळाशी दोन बोटं, कोऱ्या चहासारखी. "एवढीच झाली," असं म्हणत ती पदराखालून काढून टेबलावर ठेवते आणि दुसरीकडे बघायला लागते.

आधी हे एप्रिल-मेपुरतं असायचं. आता फेब्रुवारीतच सुरू होतं, पाऊस लांबला की जुलैपर्यंत चालतं, आणि दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणीच्या बायका यायला लागल्या की परत तेच. लॅबमधली माणसं याला 'सीझन' म्हणतात. मीही म्हणते.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून वहिनीचं सांगताना जड जातं.

माझं माहेर आष्टीजवळचं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी नववीत होते. आई आधीच अंथरुणाला लागलेली. वहिनी माझ्याहून जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी, पण आल्या दिवसापासून घराची चूल तिच्याकडे गेली. पुढे मी परतूरला कॉलेजला जायला लागले, तेव्हा माझी बस सकाळी लवकर असायची आणि तिच्या आधी माझा डबा तयार असायचा. वडील म्हणायचे, पोरीला किती शिकवायचं. वहिनी त्यांच्यासमोर बोलायची नाही. मागच्या दारी मला म्हणायची, "तू जा बाई. इकडचं मी बघते." ती मला आजही बाईच म्हणते. मी लॅबचा कोर्स केला, नोकरी लागली, लग्न होऊन जालन्यात राहिले. वहिनी तिकडचं बघत राहिली.

दादाची मोसंबीची बाग होती. फार मोठी नव्हती, पण विहिरीला लागून होती, दाट होती. आजूबाजूच्या शेतांतल्या बायकासुद्धा दुपारची भाकर खायला त्या बागेत यायच्या. लागोपाठ दोन-तीन वर्षं पाऊस असा गेला की विहीर संक्रांतीलाच तळाला लागायची. पहिल्या वर्षी दादाने टँकरचं पाणी घालून बाग धरली, दुसऱ्या वर्षी वहिनीने आणि गड्याने ड्रमने पाणी घातलं. तिसऱ्या वर्षी झाडं उभ्या उभ्या वाळली. जेसीबी लावून काढावी लागली. पुढे दोन वर्षं वहिनीच्या चुलीत तीच लाकडं जळत होती. त्या जागी सोयाबीन आलं. ओढ्याकडच्या तुकड्यात ज्वारी असायची, पुरुषभर उंच. नेमकी कणसं भरायच्या वेळी अवकाळी यायचा आणि दाणा काळा पडायचा, म्हणून तीही बंद झाली, तिथंही सोयाबीन. ओढ्याच्या बाभळी तर कधीच गेल्या होत्या.

बाग गेली याचं मलाही वाईट वाटलं होतं. दादाचं उत्पन्न गेलं, एवढंच मला कळलं होतं. दुसरं काय गेलं ते मी कधी विचारलं नाही. सोयाबीन गुडघ्याएवढं असतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना होता आणि मी दोन दिवस माहेरी गेले होते. वहिनी आणि तिची नवी सून कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला शेतात गेल्या होत्या. दुपारी मी डबा घेऊन गेले. मार्च म्हणायचा, पण ऊन मे महिन्याचं होतं. जमीन चपलेतून भाजत होती. वहिनी बांधावर आली, कॅनमधलं पाणी तांब्यात घेतलं, तोंडात भरलं, खळखळ चूळ भरली आणि थुंकून दिलं. परत घेतलं, परत थुंकलं. एक घोटही गिळला नाही.

मी म्हटलं, "वहिनी, पी की गं पाणी."

"पेते की. संध्याकाळी घरी गेल्यावर."

"आत्ता पी."

तिने पदराने तोंड पुसलं. "आत्ता पेलं की मंग जावं लागतंय. कुठं जाऊ, सांग बरं."

तिने हात नुसता इकडून तिकडे फिरवला. मी पाहिलं. एका बाजूला डांबरी रस्ता, त्यावरून मोटारसायकली जात होत्या. दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालू होता. आडोसा म्हणावा असं झाड नजर जाईल तिथपर्यंत नव्हतं. सून खाली मान घालून भाकरी सोडत होती.

"सकाळी अर्धा कप चहा घेते, बास. सवय झाली आता," वहिनी म्हणाली. "सगळ्याच बाया असं करून राह्यल्या. मी काय येगळी हाये का?"

त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला खोदून विचारलं. आग होते का, पाठीत दुखतं का, मधूनच थंडी वाजते का. ती प्रत्येक गोष्टीला "न्हाई बा" म्हणत राहिली. पण संध्याकाळी न्हाणीतून बाहेर आली तेव्हा भिंतीला धरून थोडा वेळ थांबलेली मी पाहिली. मी पर्समधून बाटली काढून दिली. आमच्या पर्समध्ये बाटल्या असतातच. म्हटलं, "उद्या सकाळची पहिली लघवी यात दे. मी सकाळच्या बसने घेऊन जाते."

"उद्या गडबड असती. तू जा म्होरं. मी तुझ्या दादापाशी पाठवते."

दोन दिवसांनी दादा काही कामाने जालन्याला आला तेव्हा पिशवीत गुंडाळलेली बाटली देऊन गेला. मी तिच्यावर नंबर टाकला. बाटली जवळजवळ भरलेली होती, लघवी फिकट पिवळी, निवळ. काचपट्टी लावली. एखाद-दोन पेशी दिसल्या, त्या कुणाच्याही दिसतात. बाकी काही नाही. प्रोटीन नाही, रक्त नाही. मी रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं आणि वहिनीला फोन केला.

"मी म्हणलं नव्हतं का?" ती हसली. "तुला उगी काळजी."

मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी दुपारचा डबा मी शांतपणे बसून खाल्ला.

जूनमध्ये पाऊस एकदाच पडला. लोकांनी पेरून घेतलं. मग ढग नुसते येऊन जात राहिले, वारा आणि ऊन. उगवलेलं कोमेजलं. महिन्याच्या शेवटी थोडा शिडकावा झाला तशी लोकांनी दुबार पेरणी काढली. ट्रॅक्टरची पेरणी सगळीकडे परत करण्यासारखी नव्हती, म्हणून उगवण तुटक होती तिथं बायका हाताने दाणे टोकत होत्या. वाकून, दिवसभर. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी सरीत आडवी झाली.

सुनेने आधी तोंडावर पाणी मारलं. मग दादाला बोलावलं. शेजाऱ्याच्या टेंपोत घालून आष्टीला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावून लगेच जालन्याला न्यायला सांगितलं. मला फोन आला तेव्हा मी एका म्हाताऱ्यांचं रक्त काढत होते. ते काम पुरं केलं, हातमोजे काढले आणि दवाखान्यात गेले. वहिनी थंडीने थडथडत होती आणि अंगाला हात लावला तर चटका बसत होता. ती मला ओळखत नव्हती. मोसंबीला पाणी सोडायचं राहिलं, असं काहीतरी सारखं बडबडत होती. बाग जाऊन सहा वर्षं झाली होती.

तपासण्या आमच्याच लॅबमध्ये आल्या. दुसऱ्या कुणी केल्या असत्या तरी चाललं असतं, पण मीच केल्या. नळी घालून काढलेली लघवी होती, गढूळ, तांबूस. मायक्रोस्कोपखाली पू सोडून काही दिसत नव्हतं, सगळी काचपट्टी भरलेली. रक्तातलं क्रिएटिनिन इतकं वाढलं होतं की मी मशीनवर दुसऱ्यांदा लावून बघितलं. सोनोग्राफीत उजवी किडनी आकसून लहान झालेली. डावीच्या नळीत खडा अडकलेला आणि मागे किडनी फुगलेली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आमची कामामुळे ओळख होती.

"हे दोन-चार महिन्यांचं दुखणं नाही, ताई. कित्येक वर्षांचं आहे. उजवी तर कधीची गेलीय. तुम्ही या लाइनीत असून आधी कधी तपासलं नाही?"

"तपासलं होतं," मी म्हटलं. "मार्चमध्ये. नॉर्मल होतं."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "असं होत नाही," एवढंच म्हणाले आणि राउंडला गेले. लगेच डावीकडे नळी टाकायचं ठरलं.

वहिनीला आत नेलं. दादा बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसला होता, त्याच्याच्याने आत थांबवत नव्हतं. मी आणि सून व्हरांड्यात उभ्या होतो. तिच्या साडीला अजून शेतातली माती होती. भिंतीकडे बघत ती म्हणाली, "आत्या, ती बाटली माझी होती."

मला आधी समजलंच नाही. "कोणती बाटली?"

"मार्चमधली. आईंनी मला भरायला लावली."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"त्या दिवशी सकाळी त्या लई येळ बसल्या होत्या. थेंब थेंब आली. लाल होती. आग होऊन राह्यली होती, त्यांना रडू आलं. मंग मला म्हणल्या, तू दे भरून. आत्याला कळलं की ती दवाखान्यात टाकील, आणि आता कामाचे दिवस हायेत. कुणाला सांगायचं न्हाई म्हणल्या." मग ती म्हणाली, "मी सांगायला पाहिजे होतं. पण मला येऊन चारच महिने झाल्ते."

तिला काय बोलणार. विशी-बाविशीतली पोर, नव्या घरात आलेली. तिच्या माहेरी टेंभुर्णीकडे घराजवळ शेत होतं, मधे घरी जाता यायचं. म्हणून तिला अजून पाणी प्यायची सवय होती. तिची लघवीही तशीच निवळ होती.

मला राग आला तो स्वतःचा. मार्चमधल्या शेतातल्या बाईची लघवी तशी नसते. हे मला शाळकरी पोराला दोन आणि दोन चार माहीत असावं तसं माहीत होतं. दुसऱ्या कुणाची बाटली असती तर मी विचारलं असतं, बाई, ही तुमचीच का? असं होतं, लोक बदलतात बाटल्या, शुगरच्या भीतीने तर नेहमीच. वहिनीची बाटली हातात धरून मी रंग पाहिला होता आणि मला तो आवडला होता. मला घरी फोन करायचा होता, सगळं ठीक आहे सांगायचं होतं, आणि परत कामाला लागायचं होतं.

वहिनी वाचली. आठ-दहा दिवस लागले. ताप उतरला, ती माणसं ओळखायला लागली. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा तिनेच विषय काढला.

"सुनेनं सांगितलं जणू."

"हो."

"तिला काही बोलू नको. मीच लावलं तिला."

"मला का नाही सांगितलंस, वहिनी? मी दिवसभर तेच तर बघते. माझ्यापाशी कसली लाज?"

ती छताकडे बघत होती. "तुला कळलं असतं, म्हणूनच न्हाई दिलं. न्हाई कळलं की माणूस काम करतं. कळलं की हातपाय गळतात." मग म्हणाली, "आणि लाज म्हणशील तर वाटतीच की. सुनेदेखत रडले मी त्या दिवशी."



दवाखान्यातून सुटल्यावर तिला महिनाभर माझ्या फ्लॅटवर ठेवलं. डॉक्टरांनी दिवसाला किती पाणी ते मोजून सांगितलं होतं. मी स्टीलचा जग भरून तिच्याजवळ ठेवायचे. वाटलं होतं, इथं नळ आहे, संडास चार पावलांवर आहे, इथं सोपं जाईल. तसं झालं नाही. तिला पाणी जायचंच नाही. अर्धा ग्लास प्याली की मळमळायचं. सहा-सात वर्षं तहानेला मागे ढकललं होतं, ती आता बोलावून येत नव्हती. त्यात एक गोष्ट मला आठवडाभराने लक्षात आली. माझे यजमान हॉलमध्ये पेपर वाचत बसले असले की वहिनी उठायचीच नाही. संडासाचं दार हॉलमधून दिसायचं. ते ऑफिसला गेले की मग ती जायची. माझ्या घरात, सगळी सोय असताना, ती परत तेच करत होती. मी यजमानांना सांगितलं. ते बिचारे सकाळी कारण नसताना खाली जाऊन दूध आणायला लागले, दूध घरात असलं तरी.

दादाशी बोलायचं मी टाळत होते. तो तिला न्यायला आला तेव्हा बोलले. सगळं सांगितलं, बागेचं, सोयाबीनचं, चुळीचं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "इतके साल एका घरात राह्यलो. मला बिलकुल माहीत नव्हतं. ती कधी बोलली न्हाई."

"तू विचारलं होतंस का?"

"न्हाई."

त्याला अजून काही ऐकवावं असं मनात होतं, पण तो इतका थकलेला दिसत होता की राहू दिलं. आणि मी तरी काय विचारलं होतं.

त्याने एक केलं. शेताच्या कोपऱ्यात चार बांबू रोवले आणि हिरवं शेडनेट गुंडाळलं, खाली दोन फरश्या टाकल्या. पहिल्या आठवड्यात बायका त्याच्याकडे बघून हसायच्या आणि कुणी जायचं नाही. मग एक गेली, मग सगळ्या जायला लागल्या, शेजारच्या शेतातल्यासुद्धा. "माझ्या सोयाबीनमधून पायवाट पाडली सटव्यांनी," असं वहिनी फोनवर सांगायची. पुढच्या मे महिन्यात वादळी वाऱ्यात ते नेट उडून थेट रस्त्यापलीकडे गेलं. दादाने आणून परत बांधलं. नंतर आणखी एकदा उडालं, आणखी एकदा बांधलं. आता त्याला ठिगळं आहेत.

वहिनी आता एका किडनीवर आहे, आणि तीही पुरती धड नाही. उन्हात काम करायचं नाही असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय. ती दुपारी जात नाही, सकाळी जाते. पहाटे उठून स्वयंपाक उरकते आणि ऊन चढायच्या आत परत येते. असं ती सांगते. सुनेला विचारलं तर ती म्हणते, "आठ दिवसातनं दोन-तीनदा येतात परत येळेवर." मजूर मिळत नाहीत, सुनेला दिवस गेलेत, पाऊस वेळेवर पडत नाही तेव्हा सगळ्यांचंच काम एकदम निघतं. मी दर तीन महिन्यांनी जाते आणि वहिनीची तपासणी स्वतः करते. आकडे कधी थोडे वर, कधी थोडे खाली.

मागच्या वेळी गेले तेव्हा वहिनीने गल्लीतल्या बायकांना मंदिरासमोर बोलावलं होतं. मी चार गोष्टी सांगाव्यात असं तिला वाटत होतं. सात-आठ जणी आल्या. मी पाणी किती प्यावं ते सांगितलं, न प्यायल्याने काय होतं ते सांगितलं, रक्ताचं, खड्यांचं, सगळं. त्या ऐकत होत्या. एक म्हातारी शेवटी म्हणाली, "बाई, हे आमाला ठावं हाये. पाणी पेवावंच लागतं. आडोसा कुठून आणायचा ते तुमच्या पुस्तकात लिव्हलंय का?"

तिचा आवाज टोमण्याचा नव्हता. खरंच विचारत होती. मी म्हटलं, नाही लिहिलं.

मी सगळ्यांना एकेक बाटली दिली आणि सकाळी आणून द्यायला सांगितली. सकाळी मी वहिनीच्या ओट्यावर बसून होते. दोघींनी आणून दिल्या. एक जण सांगून गेली, आज खुरपायला लवकर जायचंय, उद्या देते. बाकीच्या आल्या नाहीत. वहिनीने दोनदा हाका मारल्या, मग तीही ओट्यावर येऊन बसली. साडेनऊच्या बसपर्यंत थांबले. दोन बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. वहिनी फाट्यापर्यंत सोडायला येत होती, तिला म्हटलं, नको, ऊन झालंय. ती तरी आली.